संख्याशास्त्रातील पीएच.डी.साठी परदेशी जाताना

(इंदूर येथे मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी प्राध्यापक नाही, हे आधीच सांगतो. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो आणि गेली वीस वर्षं आकडे गोळा करण्याच्या कामात आहे. मात्र गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीतल्या सात-आठ मुलांचे अर्ज, गुणपत्रिका, पासपोर्ट आणि पत्रं माझ्या टेबलावरून गेली. त्यांत माझी पुतणीही होती. ही मुलं संख्याशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र या विषयांत पीएच.डी. करण्यासाठी अमेरिकेत अर्ज करत होती. त्यातून जे कळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. मुलांसाठी सांगतोच, पण त्याहून जास्त आईवडिलांसाठी सांगतो, कारण सहीचा कागद शेवटी त्यांच्यापुढे येतो.

संख्याशास्त्र म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे गणितच ना?" आणि दुसरा, "मग बँकेची परीक्षा का नाही देत?" म्हणून आधी विषयाबद्दल दोन शब्द.

दर हंगामात गावागावांत पीक कापणी प्रयोग होतात. कोणतं गाव, त्यातलं कोणतं शेत आणि शेतातला कोणता तुकडा कापायचा, हे पटवारी ठरवत नाही आणि सरपंचही नाही. ते यादृच्छिक क्रमांक ठरवतात, म्हणजे सोडतीसारखे, कोणाच्याही मर्जीबाहेरचे आकडे. रस्त्याकडेचं चांगलं शेत निवडलं तर उत्पादन फुगतं, पडकं निवडलं तर बुडतं. सोडत काढली की थोड्याशा तुकड्यांवरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज किती चुकू शकतो हेही सांगता येतं. ही पद्धत भारतात १९४० च्या दशकात रुजवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. एक, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांनी १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून पीएच.डी. घेतली आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम सांभाळलं. दुसरे विनायक गोविंद पानसे. ते तर आपल्या इंदूरचे म्हणायला हरकत नाही. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथल्या जुन्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत त्यांनी कापसावर वर्षानुवर्षं काम केलं. या दोघांनी मिळून शेतीसंशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत वापरलं गेलं. तिसरं नाव कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजारांचं. त्यांनी केंब्रिजहून पीएच.डी. घेतली, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, पुढे अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात शिकवलं. तेव्हा हा विषय आपल्या घरांना परका नाही.

जैवसंख्याशास्त्र म्हणजे हेच शास्त्र माणसाच्या आरोग्यावर चालवलेलं. एकच उदाहरण देतो. मद्रासला १९५६ साली क्षयरोग्यांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. कोणाला कुठे, हे सोडतीनं ठरवलं. दोन्हीकडचे रुग्ण सारखेच बरे झाले, आणि घरी ठेवल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर क्षयाचा उपचार घरी राहून होऊ लागला. किती कुटुंबांची ताटातूट वाचली असेल, विचार करा. सोडत कशी काढायची, किती रुग्ण घ्यायचे, फरक खरा की योगायोगाचा, हे सांगणारा माणूस जैवसंख्याशास्त्रज्ञ. अमेरिकेत हे विभाग बहुतेक ठिकाणी सार्वजनिक आरोग्याच्या महाविद्यालयांत असतात, उदाहरणार्थ जॉन्स हॉपकिन्स, हार्वर्ड, मिशिगन, वॉशिंग्टन, नॉर्थ कॅरोलिना. संख्याशास्त्राचे विभाग विज्ञान शाखेत, वेगळे असतात. मुलगा किंवा मुलगी कोणत्या दारावर टकटक करते आहे, हे आधी स्पष्ट हवं.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा.

अमेरिकेत मास्टर्स आणि पीएच.डी. हे दोन वेगळे व्यवहार आहेत. मास्टर्समध्ये बहुधा विद्यार्थी फी भरतो. मोठ्या खासगी विद्यापीठात दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं मिळून खर्च सहज एक लाख डॉलरच्या वर जातो, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख रुपये. पीएच.डी.मध्ये उलटा हिशेब आहे. चांगल्या विभागात प्रवेश मिळाला की फी माफ होते आणि वर दरमहा पैसे मिळतात, कारण विद्यार्थी तिथे काम करतो. खालच्या वर्गांना शिकवण्यात मदत करतो, उत्तरपत्रिका तपासतो किंवा प्राध्यापकाच्या संशोधनात हात लावतो. विद्यापीठ आणि शहर यांनुसार ही रक्कम वर्षाला साधारण २५ हजार ते ४५ हजार डॉलर असते. त्यात माणूस काटकसरीनं राहू शकतो. श्रीमंत होत नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. शिवाय तिथे पीएच.डी.साठी आधी मास्टर्स केलेलंच पाहिजे, असं बहुतेक विभागांत नाही. साधारण पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यातली पहिली दोन वर्षं वर्गातल्या अभ्यासाची.

ही साधी गोष्ट आपल्या घरांत माहीत नाही, आणि त्याचीच किंमत आपण मोजतो. माझ्या पुतणीचं सांगतो. तिनं एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं, गुण उत्तम. शहरातल्या एका सल्लागाराकडे माझे मोठे बंधू तिला घेऊन गेले. त्यानं चकचकीत फाईल दिली, पाच विद्यापीठांची नावं दिली आणि सांगितलं की आधी मास्टर्स करा, पीएच.डी.चं तिथे गेल्यावर बघू. कर्ज आम्ही बसवून देतो, फक्त घराचे कागद आणा. दादा कागद काढायलाही निघाले होते. मुलीनंच विचारलं, "काका, मास्टर्स माझं झालेलंच आहे, मग पुन्हा कशासाठी?" या प्रश्नाचं उत्तर सल्लागाराकडे नव्हतं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की मास्टर्सला मुलगा पाठवला की विद्यापीठाकडून दलाली मिळते अशी बरीच ठिकाणं आहेत, आणि पीएच.डी.च्या प्रवेशात अशा माणसाला मिळण्यासारखं काही नसतं. ज्यात त्याचा फायदा नाही तो रस्ता तो कशाला दाखवेल? मास्टर्स वाईट असं मी म्हणत नाही. नोकरीसाठी कोणी विचार करून, हिशेब मांडून करत असेल तर करावं. पण पीएच.डी. करायची असेल, तर तिच्यासाठी घर गहाण पडता कामा नये. ज्या पीएच.डी.च्या प्रवेशपत्रात पैशाची हमी नाही, तो प्रवेश नम्रपणे नाकारावा.

मग प्रवेश कशावर मिळतो? तिथे अर्ज वाचणारे विभागातले प्राध्यापक असतात, त्यांची समिती असते. कित्येक शे अर्जांतून दहा-पंधरा जणांना घेतात. ते एकच प्रश्न विचारतात: हा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कठीण परीक्षेत तरेल का, आणि नंतर नवं काही शोधून काढेल का?

पहिल्या भागाचं उत्तर गणितात असतं. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता, गणिती संख्याशास्त्र आणि रिअल अ‍ॅनालिसिस. हा शेवटचा विषय मुलं टाळतात, कारण त्यात आकडेमोड नसते, सिद्धता असतात. पण समिती गुणपत्रिकेत पहिल्यांदा तोच शोधते. इंदुरात होळकर कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकत असाल तर हा विषय मिळवा आणि मन लावून करा. एखाद्या विषयात एका सत्रात कमी गुण पडले असतील तर पुढच्या वरच्या विषयात चांगले आणा. चढता आलेख समितीला दिसतो. त्याबरोबर आर किंवा पायथॉन यांपैकी एक संगणकभाषा हात बसेपर्यंत शिका. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतली मुलं तुमच्याबरोबर याच रांगेत उभी असतात आणि त्या संस्थेचं नाव तिथे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कॉलेजचं नाव त्यांना ठाऊक नसेल, तर काम जास्त स्पष्ट दिसलं पाहिजे. एखादा छोटा प्रकल्प, एखादी उन्हाळी इंटर्नशिप, खऱ्या आकड्यांवर केलेलं थोडं पण नेटकं काम असू द्या.

जीआरई ही परीक्षा बऱ्याच विभागांनी २०२० नंतर ऐच्छिक केली. काही ठिकाणी अजून मागतात, काही ठिकाणी गणिताची वेगळी विषयपरीक्षा दिलेली चालते. प्रत्येक विभागाचं त्या वर्षाचं पान स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जाऊ नका. आपलं कॉलेज त्यांना माहीत नसेल तर ऐच्छिक परीक्षेत उत्तम गुण आणणं उपयोगी पडतं, असं माझं मत आहे.

इंग्रजीची परीक्षा, टोफेल किंवा आयईएलटीएस, ही मुलं सोपी समजतात. वाचन-लेखन जमतं. पण पैसे शिकवण्याच्या कामाचे मिळणार असतील, तर बोलण्याचे गुण पाहिले जातात आणि अनेक विद्यापीठांत त्यासाठी किमान मर्यादा असते. अठरा वर्षांच्या अमेरिकन पोरांना तुमचं बोलणं समजलं पाहिजे. आपली मुलं घरी मराठी, बाहेर हिंदी बोलतात, इंग्रजी फक्त लिहितात. तेव्हा रोज अर्धा तास, आरशासमोर का होईना, एखादं गणित इंग्रजीत समजावून सांगायची सवय लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिफारसपत्रं. तीन लागतात.

आपल्याकडे शिफारस म्हणजे ओळख. मोठ्या माणसाचं पत्र, लेटरहेड, गोल शिक्का. एका गृहस्थांनी मुलाच्या अर्जासाठी लोकप्रतिनिधींचं पत्र आणलं होतं. त्या पत्रात मुलगा सद्वर्तनी असून सुसंस्कृत कुटुंबातला आहे, असं होतं. खरंच होतं ते, मी त्या कुटुंबाला ओळखतो. पण समितीला त्याचा काडीइतका उपयोग नाही. तिथे पत्र हवं ते ज्या शिक्षकानं तुम्हाला फळ्यापुढे उभं केलंय त्याचं. "वर्गात चाळीस जण होते. अमुक सिद्धता मी अर्धी सोडली होती, दुसऱ्या दिवशी हिनं ती वेगळ्या मार्गानं पूर्ण करून आणली." असं एक वाक्य दहा शिक्क्यांना भारी पडतं.

दुसरी आपली सवय अशी की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सरांवर कामाचा बोजा असतो, मला कळतं. पण विद्यार्थ्यानं लिहिलेली तीन पत्रं एकाच घडणीची होतात, आणि रोज पत्रं वाचणाऱ्यांना ते दोन ओळींत ओळखू येतं. शिवाय शिक्षकाच्या नावावर दुसऱ्यानं लिहिणं सचोटीचं नाही. उपाय आहे. सरांकडे रिकाम्या हातानं जाऊ नका. दोन पानं न्या: त्यांच्याकडे कोणते विषय केले, किती गुण मिळाले, कोणता प्रकल्प केला, कोणत्या विभागांत अर्ज करताय आणि शेवटची तारीख काय. मजकूर त्यांनी लिहावा, आठवण तुम्ही द्यावी. पत्र सर स्वतः संकेतस्थळावर चढवतात, म्हणून त्यांचा विद्यापीठाचा ई-मेल पत्ता चालू आहे ना, ते आधी पाहा. अर्जात एक चौकट असते, पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? तिथे 'हो' म्हणा. गुप्त पत्रालाच वजन असतं.

निवेदन, म्हणजे आपला हेतू सांगणारा निबंध, एक-दोन पानांचा असतो. त्यात लहानपणापासून आकड्यांची आवड होती, आजोबा हिशेब शिकवत, हे नको. काय शिकलात, कोणता प्रश्न सतावतो, त्या विभागात कोण त्यावर काम करतं आणि तिथेच का जायचंय, एवढं साध्या भाषेत लिहा. विकत मिळणारे निबंध घेऊ नका. संगणकाकडून लिहून घेतलेलेही पाठवू नका.

आणखी एक. मुलं शंभर प्राध्यापकांना एकच ई-मेल पाठवतात. अमेरिकेत संख्याशास्त्राचा प्रवेश समिती देते, मार्गदर्शक नंतर ठरतो, त्यामुळे त्या ई-मेलांचा फारसा फायदा नाही. इंग्लंडमध्ये आणि युरोपात वेगळं आहे. तिथे बहुधा आधी मार्गदर्शक आणि विषय ठरतो. नेदरलँड्स, स्वीडन वगैरे देशांत तर पीएच.डी.ची जागा नोकरीसारखी जाहीर होते आणि रीतसर पगार असतो. कॅनडात बरेच विभाग आधी मास्टर्स करून घेतात, पण त्यातही पैसे देतात. डोळे एकाच देशावर लावून बसू नका.

जैवसंख्याशास्त्राच्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. अमेरिकेत या विभागांचा बराच पैसा तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानांतून येतो. त्यांतली विद्यार्थ्यांसाठीची प्रशिक्षण-अनुदानं फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. त्यामुळे काही विभागांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा मुळातच थोड्या असतात. तुम्ही कमी पडलात म्हणून नव्हे, तो पैसाच तुम्हाला देता येत नाही म्हणून. अर्जाची फी भरण्यापूर्वी विभागाच्या पानावर पाहा: सध्याच्या विद्यार्थ्यांत परदेशी किती आहेत? एकही दिसला नाही तर फी वाचवा. शंका असेल तर प्रवेश कार्यालयाला सरळ ई-मेल लिहा, उत्तर येतं. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनी संख्याशास्त्राच्या विभागांतही अर्ज करावेत. आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारे प्राध्यापक तिथेही असतात.

खर्चाचा हिशेब. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. आठ-दहा अर्ज, दोन परीक्षा, गुण पाठवण्याचे पैसे, सगळं मिळून लाख-सव्वा लाखाची तयारी ठेवा. प्रवेश मिळाल्यावर नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसाची फी, विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट. तिथे पोहोचल्यावर पहिली रक्कम हातात पडायला महिना-दीड महिना लागू शकतो, तेवढ्या दिवसांची सोय हवी. हा खर्च खरा आहे, पण तो घर गहाण ठेवण्याइतका नाही. दोन-तीन काका-मामांनी मिळून उचलण्याजोगा आहे, आणि परत करण्याजोगाही. अनुसूचित जाती आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती अवश्य घ्या.

वेळापत्रक आपल्या सणांनी लक्षात ठेवा. गणपती उठेपर्यंत विभागांची यादी तयार: दोन अवघड, चार-पाच बेताचे, दोन सुरक्षित. नवरात्रात शिक्षकांना भेटून पत्रांची विनंती. दिवाळीच्या फराळाआधी इंग्रजीची परीक्षा आणि निवेदनाचा पहिला मसुदा. बहुतेक तारखा डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ खाताना सगळे अर्ज गेलेले असावेत. निकाल होळीच्या आगेमागे येतात. आणि १५ एप्रिल ही तारीख लिहून ठेवा. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी आपसांत मान्य केलं आहे की पैशासह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. कोणी घाई केली तरी घाबरू नका.

आता माझ्या रोजच्या कामाचा भाग, कागद. पासपोर्टावर जे नाव, तेच परीक्षेच्या नोंदणीत, तेच अर्जात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर 'कुमारी' असतं, पदवीवर आडनाव नसतं, पासपोर्टावर मधलं नाव असतं. हा घोळ आजच सोडवा, ऐन डिसेंबरात विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहून सुटत नाही. पदवी प्रमाणपत्र उशिरा मिळत असेल तर तात्पुरतं घ्या. टक्केवारी आहे तशी लिहा. स्वतःच्या हिशेबानं त्यांच्या मापात बदलू नका. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना पुरत नाही, सोबत एम.एस्सी. असेल तर ही अडचण सहसा येत नाही. मध्य प्रदेशाचं काम मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडे येतं, हेही ध्यानात असू द्या.

प्रवेशाचं पत्र आलं की पेढे वाटा, पण आधी पत्र वाचा. पैशाची हमी किती वर्षांची? आरोग्यविमा त्यात आहे का? उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचं काय? फी माफ असली तरी इतर शुल्क किती? हमी कशावर अवलंबून आहे? इथून बावीस-तेवीस किलोमीटरवर महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याचा लेखी करार. ते करारानुसार परतले, आणि त्याच बडोद्यात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हेही आपण विसरू नये. सांगायचा मुद्दा असा की शिष्यवृत्ती हा करार असतो. दोन्ही बाजूंनी काय द्यायचं ते लिहिलेलं असतं, आणि ते वाचून सही करायची असते.

परिस्थिती लपवत नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. मेच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या होत्या. पदवीनंतर संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे काम करण्याची मुभा एक वर्ष आणि पुढे दोन वर्षं अशी मिळते, पण कायम राहण्यासाठी भारतीयांची रांग फार लांब आहे. म्हणून 'तिथे स्थायिक व्हायचं' एवढाच हेतू असेल तर पाच वर्षांची पीएच.डी. हा त्याचा फार कष्टाचा मार्ग आहे. विषय आवडत असेल तरच जावं.

आणि नकार येतात. माझ्या पुतणीला पहिल्या वर्षी अकरा ठिकाणांहून नकार आले. घरात कोणी बोलेना. त्या वर्षभरात तिनं रिअल अ‍ॅनालिसिस पुन्हा केलं, एका रुग्णालयाच्या संशोधनात आकड्यांचं काम केलं आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला मनापासून पत्र दिलं. दुसऱ्या वर्षी सात अर्ज केले, एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पाच वर्षांच्या हमीसह. एकच. पण एकच लागतो. आणि तोही मिळाला नसता तरी बिघडलं नसतं. कोलकात्याची सांख्यिकी संस्था आहे, मुंबईत लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, पुणे आहे, आयआयटी आहेत. तिथल्या पीएच.डी.लाही शिष्यवृत्ती असते आणि तिथली माणसं जगभर मान्य आहेत.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. दादांच्या घरी तेव्हा दोन वाक्यं रोज ऐकू यायची. "लग्नाचं वय निघून जाईल" आणि "मुलगा असता तर पाठवला असता." मोठ्या वहिनींनी एक दिवस शांतपणे विचारलं, "घराचे कागद काढताना मुलगी आहे हे आठवलं नव्हतं?" त्यानंतर ती वाक्यं बंद झाली. मी तेच तुम्हाला विचारतो. कर्ज काढून पाठवायला आपण तयार होतो, मग जिथे विद्यापीठच तिचा खर्च उचलायला तयार आहे, तिथे अडवायचं कशासाठी?

ज्यांना अर्ज करायचे असतील, त्यांनी आरतीनंतर मंडळाच्या कार्यालयात भेटावं. मी दर रविवारी असतो. कागद तपासून देईन, नावांचे घोळ सोडवून देईन. गणित मात्र तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

गणपती बाप्पा मोरया.